गुलाब हे फुलाचं नाव नाहीच मुळी (आणि जुलाब त्याचा सख्खा भाऊ)

दीडशहाणा
परवा एक भाषांतर तपासायला आलं होतं. त्यात 'गुलाबपाणी' होतं, ते मी खोडून नुसतं 'गुलाब' केलं आणि बाजूला कारणही लिहिलं. ते परत आलं, वर एकच शेरा, 'तब्येत बरी आहे ना?' म्हणून हा धागा.

माझं म्हणणं साधं आहे. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी, पंजाबातला आब तोच. म्हणजे गुलाब = फुलाचं पाणी. आजही इराणमध्ये तुम्ही कुणाला 'गुलाब आणलाय' म्हणालात तर तो बाटली कुठाय म्हणून बघेल, कारण फुलाला तिकडे गुल-ए-सुर्ख वगैरे म्हणतात. आपण काय केलं, तर बाटलीवरचं लेबल काढून फुलाला चिकटवलं, मग बाटलीला नाव उरलं नाही म्हणून परत मागे पाणी जोडलं. गुलाबपाणी म्हणजे फूल-पाणी-पाणी! गाईचं गोमूत्र आणि पिवळं पीतांबर म्हटलं की दात काढायचे आणि हे मात्र खपवून घ्यायचं?

आणि खरी मजा पुढे आहे. हाच शब्द अरबीत गेला, तिथे ग चालत नाही म्हणून ग चा ज झाला आणि तयार झाला जुलाब. होय, तोच. बोला आता.

पारंबी
तब्येतीची चौकशी रास्त होती असं माझं नम्र मत. 😄

शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मदाखल्यावर नाही, आज ऐकणारा काय समजतो त्यावर ठरतो. तुम्ही शेंगदाण्याचं तेल म्हणता की नाही? तेल म्हणजे मुळात तिळाचं, तिल वरून तैल, मग शेंगदाण्याचं तेल हा खोटेपणा आणि तिळाचं तेल ही द्विरुक्ती, म्हणजे तुमच्या हिशेबाने स्वयंपाकच बंद. शाईचं तेच. स्याही म्हणजे काळेपणा, आणि मास्तर लोक पिढ्यान्‌पिढ्या लाल शाईने पेपर तपासतायत, लाल काळेपणाने! कुणाचं काही अडलं का? उलट तुम्ही नुसतं 'गुलाब' लिहिलं असतं आणि वाचणाऱ्याने चेहऱ्यावर पाकळ्या चोळल्या असत्या तर चूक कुणाची? तुमचीच.

खारूताई
म्हणजे ज्यांनी १४ फेब्रुवारीला गुलाब दिले त्यांनी नेमकं काय दिलं हे न सांगितलेलंच बरं 🙈

जुनी वही
धागाकर्त्याचा मुद्दा आवडला पण एक दुरुस्ती. गुल म्हणजे 'कुठलंही फूल' हा नंतर पसरलेला अर्थ आहे, आधी गुल म्हणजे गुलाबच. तुर्कीत अजूनही गुल म्हटलं की हेच एक फूल, बाकीच्या फुलांना वेगळा शब्द आहे. जुन्या इराणी भाषांत याचं रूप व ने सुरू होणारं होतं, अवेस्ता या पारशांच्या जुन्या धर्मग्रंथाच्या भाषेत वरद सारखं, अरबीतला वर्द आणि आर्मेनियनमधला वार्द तिथूनच गेले. फारसीत जुन्या व चा बऱ्याच ठिकाणी ग झालाय. आपला वृक म्हणजे लांडगा, त्यांचा गुर्ग, आपला वराह, त्यांचा गुराज. तसं ते वर्द घासून घासून गुल झालं.

आता बघा काय होतं. गुल म्हणजे गुलाब, गुलाब म्हणजे गुलाबपाणी, आणि गुल चा अर्थ पातळ होत होत फूल इतकाच उरल्यावर या एका फुलाला वेगळं नाव हवं झालं. इराण्यांनी 'लाल फूल' म्हणून भागवलं, आपल्याकडे पाण्याचंच नाव फुलाला दिलं. फुलाच्या आधी त्याच्या पाण्याचा सुगंध ओळखीचा झाला असावा म्हणून, असं मला वाटतं. म्हणजे ही चूक नाही हो, सोय आहे.

दीडशहाणा
@पारंबी तेलाचा दाखला लागला, मान्य. पण तेलात अर्थ वाढलाय, एका तिळाचं नाव सगळ्या तेलांना गेलं. गुलाबात अर्थ वाढला नाही, उडी मारून दुसऱ्याच वस्तूवर बसला. दुधाला गाय म्हणण्यासारखं आहे हे. (उलटं म्हणायचं होतं, गाईला दूध. बघा, या शब्दाने माझंही डोकं फिरवलंय.)

पाचर
सगळं ठीक पण जुलाबाचं नातं मला पटत नाही. जुलाब आलाय मेक्सिकोतून. तिकडे वेराक्रूझ राज्यात हालापा नावाचं शहर आहे, हालापेनो मिरची जिथली तेच. त्या भागातल्या एका वेलीचं मूळ जबरदस्त रेचक, म्हणजे पोट साफ करणारं, १६व्या शतकात ते युरोपात गेलं, शहराच्या नावावरून त्याला जालाप म्हणायला लागले. जालाप आणि जुलाब, दोन्हींचं काम एक, उच्चार एक. यात अत्तरदाणी कुठून आणता?

जुनी वही
@पाचर दिसायला जोडी झकास जमते, पण तारखा बघा. अरबी वैद्यकात जुलाब हा शब्द त्या मुळाच्या कितीतरी शतकं आधीपासून आहे, तेव्हा अमेरिका खंड कुणाच्या नकाशावरही नव्हता. अर्थ होता गुलाबपाणी घातलेला साखरेचा पाक. कडू औषध घशाखाली जावं म्हणून त्यात द्यायचे. तोच शब्द युरोपात फिरत फिरत इंग्रजीत ज्यूलेप झाला, आधी औषधी सरबत आणि आता अमेरिकेत बर्बन व्हिस्की, साखर, बर्फ आणि पुदिना. गुलाबाचा थेंब नाही त्यात! आणि आपल्याकडे आलेल्या शाखेत पाकाचं औषध झालं, औषधाचं फक्त रेचक झालं आणि शेवटी रेचकाचा जो परिणाम तोच जुलाब. सुगंधापासून निघून कुठे पोचला बिचारा.

गोळी सकाळ-संध्याकाळ
शेवटची पायरी अजून पूर्ण झालेली नाही, हे दवाखान्यात बसणारी बाई म्हणून सांगते. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'जुलाब घेतला' असतं, म्हणजे पोट साफ व्हायचं औषध घेतलं. तरुणांच्या तोंडी फक्त 'जुलाब होतात'. एकदा एक आजोबा 'जुलाबाचं औषध द्या' म्हणाले, मी नवीन होते, बंद व्हायचं लिहून दिलं. चार दिवसांनी आले ते रागाने लाल होऊन, कारण त्यांना व्हायचं हवं होतं. तेव्हापासून मी 'होण्याचं की थांबायचं' हे विचारल्याशिवाय पेन उचलत नाही. पारंबी म्हणतात ऐकणारा काय समजतो तो अर्थ, अहो पण बोलणारा आणि ऐकणारा वेगळ्या वयाचे असले की काय करायचं?

अस्सल देशी
एवढी उठाठेव कशाला, परका शब्दच काढून टाका. निघंटूंमध्ये, म्हणजे आयुर्वेदातल्या जुन्या वनस्पतिकोशांमध्ये, शतपत्री आहे, तरुणी आहे, पाटल आहे. महाराजांनी १६७७च्या सुमारास फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच का? आणि आपण मात्र फारसी बाटल्या मिरवतोय.

पारंबी
'तिने केसात तरुणी माळली.' म्हणून बघा एकदा मोठ्याने.

शतपत्र कमळालाही म्हणतात आणि पाटल म्हणजे मूळ पाडळ नावाचा वृक्ष, त्याचं फूल कर्ण्यासारखं, गुलाबाशी काही संबंध नाही, रंगाच्या साम्यावरून नंतर लोकांनी ते नाव इकडे ओढलं. म्हणजे तुमचा शुद्ध शब्दसुद्धा उडी मारूनच आलाय. आणि राज्यव्यवहारकोश कारभाराच्या शब्दांसाठी होता, कुंड्यांसाठी नाही.

जुनी वही
@अस्सल देशी शिवाय परका परका म्हणताय तो किती परका? आब आणि संस्कृत आपः एकाच घरचे. गुलकंदातला कंद म्हणजे जमिनीखालचा कंद नव्हे, तो कंद म्हणजे साखर, आणि तो मूळचा आपलाच खंड. इथून खंड म्हणून गेला, फारसी-अरबीत कंद झाला, युरोपात जाऊन कँडी झाला आणि आपल्याकडे गुल चा हात धरून परत आला. त्याला हाकलून कुठे पाठवणार?

अस्सल देशी
पटलं नाही, पण गुलकंद ठेवा.

खारूताई
मग गुलाबी थंडीचं काय? थंडीला कुठला रंग? आणि कापसावरच्या गुलाबी बोंडअळीला तर वासही नाही 😁

पारंबी
तेच म्हणतेय मी. गुलाबीत ना पाणी उरलं ना फूल. अळीत फक्त रंग, थंडीत फक्त सुख. कुणी व्युत्पत्तीचं पुस्तक घेऊन थंडी वाजवून घेत नाही.

पाचर
जुलाबाचा दावा मागे घेतो. पण आता कमाल ऐका, शोधताना सापडलं. आपली गुलबाक्षी, संध्याकाळी फुलते ती. नाव गुल-ए-अब्बास वरून, म्हणजे तुमचं गुल आलंच. पण झाड आहे अमेरिकेतलं, आणि लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं मिराबिलिस जलापा! कारण ते रेचक मूळ याच झाडाचं असा तेव्हा समज होता. समज चुकीचा निघाला, खरं मूळ वेगळ्याच वेलीचं. नाव मात्र राहिलं ते राहिलंच.

दीडशहाणा
म्हणजे एकाच झाडाला पुढून गुल आणि मागून जालाप, आणि दोन्हीचा त्याच्याशी संबंध नाही. थांबा, मी तर 'गुल म्हणजे फूल' यावर धागा काढला होता, तेव्हा पुढचं तरी बरोबर आहे.

ते भाषांतर काल छापायला गेलं. 'गुलाबपाणी' असंच आहे. मी गप्प बसलो. पण पान बारावर 'लाल शाई' आहे आणि @पारंबी, तुमच्यामुळे आता तिथून नजर हलत नाहीये.