चाळिशीनंतर पोहण्याच्या जुन्या टायमिंगशी स्पर्धा करावी का?

फ्लिपटर्न:
माझं मत स्पष्ट आहे: पंचविशीतलं टायमिंग वहीतून काढून टाका. मास्टर्स, म्हणजे प्रौढांच्या जलतरण स्पर्धांत दर पाच वर्षांनी वयोगट बदलतो आणि वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला धरतात. नव्या गटातल्या पहिल्या वर्षीची सर्वोत्तम वेळ हाच पाया समजा, पुढची चार वर्षं तिच्याशीच तुलना करा. हृदयगतीची कमाल मर्यादा वयाबरोबर उतरतेच, कितीही सराव केला तरी. २०८ वजा वयाच्या ०.७ पट या ढोबळ सूत्राने पन्नाशीत ती १७३ येते, आणि पाण्यात त्याहून दहाएक ठोके कमीच दिसतात. तरुणपणाच्या आकड्यामागे धावणारे दोन हंगामांत कंटाळून पोहणंच सोडतात.

पहिला_स्प्रिंट:
अजिबात पटलं नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ४१ वर्षांच्या दारा टोरेसने ५० मीटर फ्रीस्टाईल २४.०७ सेकंदांत पोहून रौप्य घेतलं, सुवर्ण ०.०१ ने हुकलं. अँथनी एर्विनने २००० मध्ये जिंकलेली तीच शर्यत २०१६ मध्ये, ३५ व्या वर्षी, पुन्हा जिंकली.

घसरणीचा मोठा भाग वयाचा नसून सरावाचा असतो. चाळिशीनंतर बहुतेक जण जोरात पोहणंच बंद करतात. एकाच वेगात तीन हजार मीटर, आणि घरी! वेगवान स्नायूतंतू वापरले नाहीत तर आक्रसतात. आठवड्यातून दोनदा ८ × २५ मीटर पूर्ण जोराने मारा, दर दोन मिनिटांनी एक. वेळ अर्ध्या सेकंदाने घसरली की सेट तिथेच थांबवा, कारण त्यापुढे हळू पोहण्याचाच सराव होतो. शिवाय पाण्याबाहेर आठवड्यातून दोनदा स्क्वॉट आणि पुल-अप. भिंतीवरचा पुश-ऑफ, म्हणजे वळताना पायांनी दिलेला रेटा, पायांच्या ताकदीवर चालतो आणि २५ मीटरच्या तलावात दर लॅपला तो लागतो.

फ्लिपटर्न:
दोन्ही उदाहरणं ५० मीटरची, आणि दोघेही ऑलिंपिक विजेते. २०० मीटर बटरफ्लायचं काय? तिसऱ्या पन्नासात कंबर खाली जाते, हात पाण्याबाहेर काढायला खांदा ओढावा लागतो, आणि रोटेटर कफ, म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायू, तिथेच दुखावतो. वरून तळहातांवर मोठी पॅडल्स (सरावाच्या पट्ट्या) घातली तर विचारूच नका. तुमचा सेट उत्तम आहे, पण विशीत २४ तासांत भरून निघणारा थकवा पन्नाशीत ४८ तास, कधी त्याहूनही जास्त घेतो. सोमवार-मंगळवार लागोपाठ जोराचे सेट लावले तर गुरुवारी खांदा बोलतो.

कॅच_आधी:
तुम्ही दोघेही नुसत्या वेळेवर भांडताय. ५० मीटरचे सेकंद आणि दोन्ही हातांचे स्ट्रोक, दोन्ही लिहा. समजा आधी ४० सेकंद आणि ३८ स्ट्रोक होते. आता सेकंद तेवढेच पण स्ट्रोक ४२ झाले, तर कॅच, म्हणजे स्ट्रोकच्या सुरुवातीची पाण्यावरची पकड, निसटतोय: कोपर खाली पडतंय, तळहात पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली दाबतोय. हे वय नव्हे, तंत्र आहे, सुधारतं. स्ट्रोक ३८ च राहिले आणि सेकंद ४३ झाले, तर हाताची गती कमी झालीय, म्हणजे ताकद किंवा विश्रांती अपुरी. घोटे आणि पाठीचा वरचा भाग आखडलेला असेल तर किक आणि स्ट्रीमलाइन (पाण्यात शरीर सरळ ताणून ठेवणं) दोन्ही बिघडतात, त्यासाठी रोज दहा मिनिटं स्ट्रेचिंग पुरतं.

पहिला_स्प्रिंट:
हे मान्य, वहीत दोन रकाने हवेतच. पण गटाच्या पायावर मोजायला माझा विरोध कायम आहे. त्याने गटाच्या शेवटच्या दोन वर्षांत, म्हणजे ४८-४९ ला, लोक स्पर्धेला उतरतच नाहीत. "आता पन्नाशीच्या गटात बघू" म्हणतात, आणि ती दोन वर्षं सराव ढिला पडतो. त्याची भरपाई पुढे होत नाही.

फ्लिपटर्न:
त्यावर उपाय रिले. तिथे चौघांच्या वयांची बेरीज धरतात: १६०-१९९, २००-२३९ वगैरे. बेरीज १९८ वर अडली असेल तर ४७ वर्षांच्या एखाद्याच्या जागी ४९ वर्षांचा माणूस संघाला हवाच असतो. ५० मीटरसाठी तुमचं जुनं टायमिंग भिंतीवर राहू दे, हरकत नाही. २०० आणि त्यापुढे मात्र मी पाच वर्षांचाच पाया धरीन.