मदत हवी आहे: तयार थीम घ्यावी की वेबसाइट नव्याने डिझाइन करून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या छोट्या नियतकालिकाचे जुने अंक वेबसाइटवर आणायचे आहेत. लेखक, अंक, विषय, कसंही शोधलं तरी लेख सापडायला हवा. वर्डप्रेस (वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) वापरायचं इथवर एकमत आहे, पुढे घोडं अडलंय.

एक डिझायनर म्हणतात, सगळं नव्याने करू, तयार थीम (साइटच्या दिसण्याचा साचा) घेतली की साइट इतर शंभर साइटींसारखी दिसते. दिसू दे की! लोक लेख वाचायला येणार. माझी धास्ती वेगळीच आहे: त्यांनी लिहिलेला कोड उद्या दुसऱ्या कुणाला उलगडलाच नाही तर?

तयार थीमचे डेमोही पाहिले. इंग्रजीत देखणे, पण मराठी मजकूर टाकला की शीर्षकांची शिरोरेघ अक्षरागणिक तुटते आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना टेकतात. शिवाय स्लायडर, पॉप-अप असं नको ते सामान सोबत येतं.

लेखक-अंक-विषय ही वर्गवारी थीममधूनच होते का, की ती वेगळी करून घ्यावी लागते? पेज बिल्डर (कोड न लिहिता पानं मांडायचं साधन) वापरावा का? सांभाळायला मी एकटीच आहे, आणि कोडिंग येतं ते सीएसएसमध्ये रंग बदलण्यापुरतं.

प्रतिसाद १
रेघ तुटते ती लेटर-स्पेसिंगमुळे (अक्षरांमधलं जादा अंतर). ते शून्य करा. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२च्या आसपास असेल तर १.५ करून पाहा. फाँट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. एवढ्यासाठी नवी डिझाइन कशाला? बदल मात्र चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बेतलेली, फक्त आपले बदल ठेवणारी थीम) करा, मूळ थीमच्या फाइलींत केलेत तर पुढच्या अपडेटला पुसले जातील.

प्रतिसाद २
खर्च करायचाच तर दिसण्यावर नको, वर्गवारीवर करा. लेख साध्या पोस्ट म्हणूनच ठेवा. अंक, लेखक, विषय या तीन टॅक्सॉनॉमी, म्हणजे वर्गवारीचे प्रकार. त्या छोट्या प्लगिनमध्ये (वर्डप्रेसला जोडायचा, थीमपासून वेगळा कोड) लिहून घ्या. थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये घातल्या तर थीम बदलताच ॲडमिनमधून गायब होतात. डेटाबेसमध्ये असतात सगळ्या, पण तोवर आपली घाबरगुंडी उडालेली असते.

पेज बिल्डर टाळाच. काही बिल्डर बंद केले की लेखांत चौकटी कंसांतले शॉर्टकोड (बिल्डरच्या खुणा) तेवढे उरतात, आणि शेकडो लेखांतून ते उपसत बसावं लागतं. वर्डप्रेसचा २०१८पासूनचा ब्लॉक एडिटर तुम्हाला पुरेल.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. लेटर-स्पेसिंग शून्य केलं आणि रेघ जुळली! आता हे प्लगिन डिझायनरनाच सांगू का? आधी काय लिहून घेऊ?

प्रतिसाद २
ते स्वतः पीएचपी (वर्डप्रेसची कोडिंगची भाषा) लिहीत असतील तर सांगा, नाहीतर डेव्हलपर गाठा. डोमेन आणि होस्टिंग तुमच्या खात्यावर, प्लगिनचा कोड तुमच्या हाती, हे लेखी घ्या. आणि सगळे अंक चढवण्याआधी एकच अंक चढवून शोध नीट चालतो का ते बघा.