गणपतीच्या आराशीला टाकाऊतलं अंतराळयान: काय कशाने चिकटवायचं?

सिडकोकर_नाशिक:
यंदा घरच्या गणपतीला अंतराळाची आरास करतोय. मखरावर टांगायला दीड फुटी यान हवंय. धडाला शाम्पूची मोठी बाटली, पंखांना थर्माकोल. शिवाय बंद पडलेला माउस, गोळ्यांची रिकामी पाकिटं, संपलेल्या रिफिली. फेविक्विक आणि स्प्रे कॅन आणलाय. सुरुवात कुठून करू?

भंगारपारखी:
स्प्रे आधी बाजूला ठेवा. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणातला आकडा बघा. शाम्पूच्या बाटलीवर बहुतेक 2 असतो, झाकणावर 5. या दोन्ही प्लॅस्टिकना फेविक्विक धरत नाही आणि रंगही नखाने सोलून निघतो. घासून, धुऊनही फारसा फरक पडत नाही. 1 आकड्याची सरबताची बाटली घ्या, 320 च्या पॉलिशपेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, भांड्यांच्या साबणाने धुवा. शाम्पूचीच हवी असेल तर फेविकॉलमध्ये भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे तीन थर गुंडाळा. फेविकॉल बाटलीला चिकटणार नाही, पण कागदाचं कवच स्वतःच घट्ट बसतं.

थर्माकोल मात्र रद्दच. स्प्रेतलं सॉल्व्हंट त्याला खातं, फेविक्विकही. फ्लेक्सवाल्याकडे 3 मिमी सनबोर्डचे तुकडे मागा. कटरने कापतो, फेविक्विकने पटकन धरतो. फटीत खायचा सोडा भरून वर फेविक्विकचा थेंब टाका, क्षणात दगड होतो. वाफ नाकात जाते, खिडकी उघडी ठेवा.

रिफिल_गँग:
माउस फोडा, आतली चक्री आणि सर्किट बोर्ड सोन्यासारखे. पण तुकडे सगळीकडे सारखे पेरू नका, यान मुरमाड दिसतं. इंजिनाशी आणि पंखांच्या मुळाशी गर्दी करा, बाकी अंग कोरं. बाटलीचं झाकण उभ्या रेघांवरून लगेच ओळखू येतं, ते उलटं लावा किंवा अर्धं कापा.

प्रमाण आधी ठरवा. 1:144 धरलं तर दीड फूट म्हणजे साधारण 65 मीटरचं यान आणि माणूस जेमतेम 12 मिमी. दार 15 मिमीच्या वर गेलं की यान खेळणं वाटायला लागतं.

सिडकोकर_नाशिक:
रंग कधी मारू? इथे श्रावणाची रिपरिप चालू आहे.

भंगारपारखी:
उघडीप मिळेल त्या दुपारी. दमट हवेत स्प्रे पांढुरका पडतो. आधी करडा प्रायमर, मग 20-25 सेंमीवरून तीन पातळ हात, मध्ये 10-15 मिनिटं. एकदाच जाड मारला तर ओघळ आलाच. दुसऱ्या दिवशी काळा ॲक्रिलिक दहापट पाण्यात, साबणाचा एक थेंब घालून खाचांत सोडा आणि वरचा फडक्याने पुसा. पारदर्शक खिडक्या सगळ्यात शेवटी, फेविकॉलनेच. फेविक्विकच्या वाफेने त्या धुरकट होतात.

रिफिल_गँग:
टांगायला मासेमारीचा नायलॉन दोरा, तीन ठिकाणी. एका दोऱ्यावर पंख्याच्या वाऱ्याने गरगरेल. दोऱ्यांची भोकं प्रायमरच्या आधीच पाडा.