सभासद यादी लॉगिनशिवाय उतरते आहे

प्रेषक: खजिनदार, फोंडा

नमस्कार मंडळी,
चवथीआधी संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवलं. घुमट आरत्या छान वाजतात, पण थेट पत्ता टाकला की सभासदांची एक्सेल यादी कुणालाही मिळते. त्यात सगळ्यांचे फोन नंबर आहेत! अपलोड फोल्डरात डॉट एचटीअ‍ॅक्सेस (कुणाला काय उघडता येईल ते ठरवणारी) फाइल आहे, जुन्या सर्व्हरवर तेवढ्यावर भागत होतं. एक्सेल फायली सरसकट बंद करू का?

प्रेषक: तांत्रिक समिती, म्हापसा

काका, सरसकट नको. उद्या कुणीतरी तीच यादी सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) करून टाकेल, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नवा सर्व्हर एनजिनएक्स आहे आणि तो डॉट एचटीअ‍ॅक्सेस वाचतच नाही, ती अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरची सोय. (अपाचीतही ‘अलाउ ओव्हरराइड नन’ ही सेटिंग असेल तर ती फाइल शोभेपुरती.) यादी वेब रूटच्या (संकेतस्थळाच्या उघड्या फोल्डरच्या) बाहेर हलवा. पीएचपीचं (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडचं) पान आधी लॉगिन तपासेल आणि मग ‘एक्स-अ‍ॅक्सेल-रीडायरेक्ट’ हेडर (उत्तरासोबत जाणारी सूचना) देईल. फाइल एनजिनएक्सच पाठवेल. एनजिनएक्सच्या सेटिंगमधल्या त्या फाइलच्या लोकेशनमध्ये (पत्त्याच्या नियमात) ‘इंटर्नल’ लिहिलं की बाहेरून थेट मागणाऱ्याला 404, म्हणजे ‘सापडलं नाही’.

मला खरी धास्ती स्मरणिकेसाठी लोक फोटो चढवतात त्या फोल्डरची आहे. तिथे कुणी पीएचपी फाइल टाकली तर ती चालता कामा नये. लोकेशनच्या आधी ‘^~’ चिन्ह द्या, म्हणजे पीएचपीचा रेजेक्स (पत्त्याचा नमुना जुळवणारा) नियम तिथे लागूच होत नाही. एसव्हीजी चित्र दिसतं गरीब, पण त्याच्या पोटात स्क्रिप्ट असू शकते. म्हणून या फोल्डरातल्या एसव्हीजीला ‘कंटेंट-डिस्पोझिशन: अटॅचमेंट’ (ब्राउझरात उघडू नको, उतरवून घे) आणि सगळ्याच फायलींना ‘नोस्निफ’ (फाइलचा प्रकार स्वतः ताडू नको) ही हेडरं लावा. लोकेशनमध्ये एक जरी ‘अ‍ॅड हेडर’ लिहिलं तरी वरच्या पातळीवरची हेडरं तिथे येत नाहीत, सगळी पुन्हा लिहावी लागतात. यात भलेभले फसतात.

प्रेषक: खजिनदार, फोंडा

यादी हलवली. जुना पत्ता माझ्या मोबाइलवर अजून उघडतो!

प्रेषक: तांत्रिक समिती, म्हापसा

ब्राउझरने जपून ठेवलेली प्रत असेल. खाजगी विंडोत बघा. तिथेही 200 आला, म्हणजे फाइल मिळाली, तर मधल्या सीडीएनची (प्रती साठवून पाठवणाऱ्या सर्व्हरांची) कॅश रिकामी करा. आणि वेब रूटमध्ये डेटाबेसची एसक्यूएल बॅकअप पडली आहे, ती आजच्या आज उचला.