आजारी मावशीकडे पाहून इतर रुग्णांना मदत करावीशी वाटते. सुरुवात कशी करावी?

यावलकर (प्रश्न)
माझी मावशी चोपडा तालुक्यात राहते. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी जळगावला जावे लागते. प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्रावर, शिवाय जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. मागे तिच्यासोबत गेलो असता, पहिल्यांदाच आलेला रावेरकडचा एक तरुण बाकावर घाबरून बसलेला दिसला. मावशीने आपला फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडलेला) हात त्याच्यापुढे धरला, त्याची बोटे त्यावर ठेवायला लावली आणि आतली थरथर त्याला जाणवल्यावर म्हणाली, "ही रोज सकाळी हाताला लागली पाहिजे. लागली नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा." मग त्याच्या आईला महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधार घेऊन आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडे) कसे जायचे, तेही तिने समजावले. स्वतःचे दुखणे एवढे मोठे असताना ती हे सहज करते, आणि आपण धडधाकट असून काहीच करत नाही, ही बोच तेव्हापासून लागून राहिली आहे. मला रविवारी सुटी असते. अशा रुग्णांना खरोखर उपयोग होईल आणि कोणाच्या कामात लुडबूड ठरणार नाही, असे मी काय करू शकतो? जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त परिचारिका, भुसावळ
हातावर सुयांचे वण असलेल्या माणसाचा शब्द नव्या रुग्णाला आमच्या समजावण्यापेक्षा लवकर पटतो, हे मी डायलिसिस विभागात नेहमी पाहिले. तेव्हा ते काम मावशींकडेच राहू द्या. बहुतेक केंद्रांत पाळ्या सोमवार-बुधवार-शुक्रवार किंवा मंगळवार-गुरुवार-शनिवार अशा असतात आणि रविवारी सहसा तातडीचेच रुग्ण घेतात. त्यामुळे जमल्यास एखादा शनिवार मोकळा करून घ्यावा.

खरी अडचण परतीच्या प्रवासात येते. यंत्रावरून उतरल्यावर रक्तदाब खाली गेलेला असतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि तशा अवस्थेत एकटा माणूस एस.टी.च्या गर्दीत उभा राहून घरी जातो. त्याची पिशवी धरायला आणि त्याला जागा मिळवून द्यायला कोणी असले, तरी पुष्कळ झाले. फिस्टुलाच्या हाताने ओझे उचलायचे नसते, हेही ध्यानात ठेवा.

दुसरे काम गावातच करता येईल. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना केळ्यांची फणी किंवा शहाळे नेण्याची रीतच आहे. परंतु दोन्हींत पोटॅशियम भरपूर असते, ते या रुग्णांच्या शरीरातून पुरेसे बाहेर पडत नाही आणि रक्तात फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. जळगाव जिल्ह्यात केळे नाकारणे म्हणजे जवळजवळ उद्धटपणाच! तसेच दिवसभरात किती पाणी प्यायचे हे ठरलेले असते आणि 'घोटभर तरी घ्या' म्हणून पुढे केलेला चहाही त्याच हिशेबात धरला जातो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा ही तहान सोसणे किती कठीण असते, ते येणाऱ्याजाणाऱ्याला कळत नाही. खारट शेवभाजी, पापड, लोणचे यांनी ती आणखी वाढते. नातेवाइकांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना एवढे समजावले, तरी रुग्णाला दहा ठिकाणी नाही म्हणत बसावे लागणार नाही.

तापीकाठ
वरील सल्ला योग्यच आहे. मात्र आधी मावशींनाच विचारावे, कारण कोणाला सोबत हवी आहे आणि कोणाला ती अपमानाची वाटेल, हे त्यांना अचूक ठाऊक असेल. मदत करतानाचे फोटो काढून गटांवर टाकण्याची जी टूम निघाली आहे, ती मला अजिबात पटत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे डायलिसिसच्या रुग्णांना एस.टी.त, आणि उपचारासाठी प्रवास करताना रेल्वेत, सोबतच्या एका माणसासह, भाड्यात सवलत असते. त्यासाठीची प्रमाणपत्रे मिळवून देण्याकरिता आपली धावपळ कामी येईल.

नंदुरबारहून
आमच्याकडे धडगाव-अक्कलकुवा भागात सिकलसेलचे, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण बरेच आहेत आणि त्यांतल्या काहींना रक्त द्यावे लागते. त्या आजारातल्या एका मित्रामुळे मी रक्तदानाकडे वळलो. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. साठवलेल्या लाल पेशी मात्र जास्तीत जास्त 42 दिवस टिकतात. म्हणून जयंतीच्या दिवशी शंभर पिशव्या जमवण्यापेक्षा, महाविद्यालये बंद असताना उन्हाळ्यात दर आठवड्याला चार-पाच दाते पाठवण्याचे आम्ही ठरवले. शनिवार जमला नाही, तर यावलकरांनी याचा विचार करावा.

यावलकर
सर्वांचे आभार. मावशीशी बोललो, तिने लगेच दोन नावे सुचवली आणि शनिवारची सुटी बदलून मिळेल, असे दिसते. परिचारिकाताईंना एकच विचारायचे आहे : वाटेत सुईच्या जागेतून रक्त आले, तर काय करावे?

निवृत्त परिचारिका, भुसावळ
स्वच्छ गॉज ठेवून नेमक्या त्याच जागेवर दोन बोटांनी सलग दाब द्यावा आणि हात वर धरावा. रुमाल किंवा पट्टी दंडाभोवती आवळून बांधू नये, कारण त्याने फिस्टुला बंद पडू शकतो. पंधरा-वीस मिनिटांत रक्त थांबले नाही, किंवा धार लागली, तर लगेच जवळचे रुग्णालय गाठावे. निघण्यापूर्वी रुग्णाला उभे करून रक्तदाब तपासायला केंद्रात सांगावे; ते तपासून देतात.