बीएस्सी अ‍ॅग्रीत सेंद्रिय शेती हातानं शिकवतात का?

बांधावरची_पोर: बारावी झाली, सीईटी दिलीय. राहुरीचं कृषी विद्यापीठ की दापोलीचं ते ठरत नाहीये, पण मला शेणामातीत हात घालून शिकायचंय, नुसत्या नोट्स नकोत. प्रॅक्टिकल खरंच होतात का?

काळीमाती: होतात गं. शेवटच्या वर्षी ‘रावे’ (ग्रामीण कृषी कार्यानुभव) असतं, गावात राहून शेतकऱ्यांसोबत काम करायचं, माती परीक्षणाचे नमुने घ्यायचे, पेरणीआधीची बीजप्रक्रिया करून दाखवायची. आम्ही जीवामृत (शेणाचं आंबवलेलं द्रव खत) केलं, २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, तेवढंच गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, रोज ढवळायचं.

कोकणकडा: भात, आंबा, काजूत रस असेल तर दापोलीच घे. आणि मृदाशास्त्राची थिअरी टाळू नकोस, सेंद्रिय कर्ब (मातीतल्या कुजलेल्या पदार्थांतला कार्बन) कळल्याशिवाय गांडूळखत का घालतोय तेच कळत नाही.