आतड्याच्या दुखण्यातून किडनीला इजा: कॅल्शियम आणि पाण्याचं गणित कसं जमवता?

नमस्कार मंडळी,

माझ्या मोठ्या भावाला क्रोहन्स (आतड्याला सतत सूज येणारा जुनाट आजार) आहे. ६ वर्षांपूर्वी लहान आतड्याचा शेवटचा सव्वा मीटर भाग काढावा लागला, मोठं आतडं शाबूत आहे. तेव्हापासून दिवसाला ४-५ वेळा पातळ, तेलकट, भांड्याला चिकटून राहणारं शौच. इतकं अंगवळणी पडलं की डॉक्टरांना सांगायचंही सुचेना.

आता ८ महिन्यांत क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला की किडनीचं काम मंदावलंय असं समजायचं) १.० वरून १.९ वर गेलंय आणि दोन्ही किडन्यांत खडे आहेत. खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे (ऑक्झलेट म्हणजे पालक, बदाम अशा पदार्थांत भरपूर असणारा घटक) म्हटल्यावर मीच शहाणपणा करून दूध, दही, कॅल्शियमच्या गोळ्या बंद केल्या. वर अशक्तपणा जावा म्हणून पालकाचं सूप, भिजवलेले बदाम आणि रोज १ ग्रॅम व्हिटॅमिन सी! पोटाचे डॉक्टर पोट बघत होते, खड्यांचे डॉक्टर खडे. दोन्ही फायली माझ्या एकाच पिशवीत होत्या, पण एकत्र कुणी वाचल्या नाहीत.

नव्या नेफ्रॉलॉजिस्टनी (किडनीच्या डॉक्टरांनी) २४ तासांची लघवी गोळा करायला लावली. सकाळची पहिली टाकून द्यायची, नंतरची सगळी दुसऱ्या दिवशीच्या पहिलीसकट कॅनमध्ये. दादा जाम वैतागला. ऑक्झलेट ९४ मिलिग्रॅम आलं (४०-४५ च्या आत हवं), सायट्रेट (खडे होऊ न देणारा घटक) फारच कमी, लघवी जेमतेम ९०० मिली.

त्यांनी समजावलं ते असं: एरवी कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि दोन्ही शौचावाटे जातात. चरबी पचली नाही की कॅल्शियम तिच्यातच अडकतं, ऑक्झलेट मोकाट सुटतं, मोठ्या आतड्यातून रक्तात आणि तिथून किडनीत जाऊन त्याचे स्फटिक होतात. म्हणजे मी नेमका पहारेकरीच कामावरून काढला होता.

आता कॅल्शियम सायट्रेट सुरू केलंय. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना विचारायचंय: गोळी जेवणाआधी की नंतर? आणि पाणी ३ लिटर प्या म्हणतात, पण जास्त प्यायला की याचे जुलाब वाढतात. तुम्ही काय करता?

प्रतिसाद १

ताई, माझं बायपास प्रकारचं वजनाचं ऑपरेशन झालंय, त्यानंतर हीच गत. गोळी जेवता जेवताच, पहिल्या-दुसऱ्या घासाबरोबर. रिकाम्यापोटी घेतली तर आतड्यात पकडायला ऑक्झलेटच नसतं. डोस मात्र डॉक्टरांनीच ठरवू दे. पाणी एकदम ग्लासभर नको, दिवसभर घोट घोट. निम्मं ओआरएस चालेल का तेही विचारा, क्रिएटिनिन वाढलंय तर त्यातलं पोटॅशियम बघावं लागतं. माझा खरा फरक जेवणातलं तेल-तूप कमी केल्यावर पडला, पालक सोडून नाही. व्हिटॅमिन सी आजच बंद करा, शरीरात त्याचंही ऑक्झलेट होतं. आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या अजिबात नकोत, त्या किडनीला आणखी इजा करतात.

धागाकर्ती

मनापासून आभार. सी आणि बदाम थांबवले. वेदनाशामकांचं वाचून मात्र पोटात गोळा आला. दादाचे सांधे दुखतात, तेव्हा तो परस्पर गोळी घेतो. आत्ताच त्याचा ड्रॉवर उघडून बघितला, डायक्लोफेनॅकची अर्धी पट्टी संपलेली आहे. उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करते.